'चर्चा करा' म्हणजे नक्की काय करा? प्रश्नपत्रिकेतल्या एका छोट्या शब्दाचा दीडशे वर्षांचा इतिहास

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ साली जवळपास पूर्ण बहुपर्यायी झाली होती. चार पर्याय, एक गोल, काळं पेन. २०२२ मध्ये आयोगाने ठरवलं की आता पुन्हा सविस्तर उत्तरं लिहायची. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि नवा पॅटर्न २०२५ च्या परीक्षेपासून लागू करायचं ठरलं. नऊ पेपर. त्यातले मराठी आणि इंग्रजी फक्त पात्रतेचे. उरलेले सात प्रत्येकी २५० गुणांचे, म्हणजे १७५० गुण. मुलाखतीचे २७५.

त्या वेळी वाद झाला तो तयारीच्या वेळेवरून, वयावरून, पुस्तकं बदलावी लागतील यावरून, क्लासच्या फीवरून. सगळे मुद्दे रास्त होते. पण एक मुद्दा त्या गर्दीत मागे राहिला. बहुपर्यायी परीक्षेत प्रश्न काय मागतोय हे कळायला पर्याय समोर असतात. वर्णनात्मक परीक्षेत ते सांगायला एकच शब्द असतो, तोही वाक्याच्या अगदी शेवटी. वर्णन करा. स्पष्ट करा. चर्चा करा. विश्लेषण करा. चिकित्सक परीक्षण करा. मूल्यमापन करा.

आपण हे शब्द पाचवीपासून वाचतोय. म्हणून कळतात असं वाटतं. प्रत्यक्षात आपल्याकडे बहुतेकांचं उत्तर सगळ्या शब्दांना एकच असतं: त्या विषयावर जे जे माहीत आहे ते ते लिहा. आणि गुण कमी पडले की म्हणायचं, "पेपर कडक तपासला."

हे असं का झालं, याला इतिहास आहे. तो जरा नीट बघू.

तोंडी परीक्षेत परत विचारता यायचं

पेशवाईत श्रावणात पुण्यात दक्षिणा वाटली जायची. दूरदूरहून शास्त्री-पंडित यायचे, त्यांची परीक्षा व्हायची आणि विद्वत्ता बघून रक्कम ठरायची. हा सगळा मामला ब्राह्मणांपुरताच होता, बाकीच्यांना त्या दारात प्रवेश नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पण परीक्षेची रीत बघा. परीक्षक समोर बसलेला. उत्तर अपुरं वाटलं तर तो पुढचा प्रश्न टाकणार. समोरच्याला प्रश्न कळला नाही तर तो विचारणार. शास्त्रार्थाची शिस्त दोघांनाही पाठ: आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचं खंडन, मग सिद्धान्त. काय करायचंय हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

इंग्लंडमध्येही जुनी विद्यापीठं बराच काळ तोंडी वादातूनच पदवी देत होती. केंब्रिजमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या वादाची जागा हळूहळू लेखी प्रश्नांनी घेतली. लेखी परीक्षेत एक अडचण आली. परीक्षक समोर नाही. त्याच्या मनात काय आहे ते कागदावरच्या शब्दांतूनच कळणार. म्हणून प्रश्नातलं क्रियापद महत्त्वाचं झालं. समोर बसलेल्या परीक्षकाचं उरलंसुरलं काम त्या एका शब्दावर आलं.

तिथल्या विद्यार्थ्याला त्याचा त्रास झाला नाही. तो वर्षभर आपल्या शिक्षकाकडे निबंध लिहून न्यायचा, वाचून दाखवायचा, शिक्षक तो फाडून काढायचा. 'चर्चा' म्हणजे काय हे त्याला व्याख्येने नाही, रट्टे खाऊन कळलेलं असायचं.

प्रश्नपत्रिका आली, सराव मागेच राहिला

१८५४ साली दोन गोष्टी घडल्या. वुडचा खलिता आला आणि त्यात हिंदुस्थानात विद्यापीठं काढायची ठरली. त्याच वर्षी मेकॉलेच्या समितीने सनदी नोकरीसाठी खुल्या स्पर्धा परीक्षेची शिफारस केली. पहिली स्पर्धा १८५५ मध्ये लंडनला झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

मुंबई विद्यापीठाचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. म्हणजे काय? विद्यापीठ शिकवणार नाही, फक्त परीक्षा घेणार आणि पदव्या देणार. शिकवायचं काम कॉलेजांचं. आपल्याकडे विद्यापीठ या शब्दाचा पहिला अर्थच 'परीक्षा घेणारं ऑफिस' असा झाला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता पुसलेला नाही.

प्रश्नपत्रिका बोटीतून आली. दर आठवड्याला निबंध फाडणारा शिक्षक मात्र आला नाही. एका वर्गात पोरं भरपूर, भाषा परकी, पुस्तकं महाग. मग पोरांनी काय केलं? जे कुणीही केलं असतं तेच. पाठांतर. त्यातून गाइड आली, 'संभाव्य प्रश्न' आले, अपेक्षित आले. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने हेच दुखणं नोंदवलं की इथे शिकवणं हे परीक्षेच्या दावणीला बांधलेलं आहे. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानेही (१९४८-४९) सांगितलं की उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेत करा. दोन आयोग, मध्ये जवळपास अर्धं शतक, आणि बोट एकाच जागेवर.

यात कोण मागे राहिलं ते बघायला हवं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सरकारी तिजोरीत पैसा रयतेचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं ते सांगत होते. परीक्षेची भाषा घरात ऐकून ज्यांना येते त्यांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी परीक्षेला बसतंय, त्यांच्यासाठी 'चर्चा करा' हा एक बंद दरवाजा असतो. तेव्हाही होता, आत्ताही आहे.

ब्लूम आले, संविधान तक्ता आला

१९५६ साली अमेरिकेत बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाच्या उद्दिष्टांची एक उतरंड मांडली. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. साधी कल्पना: आठवून सांगणं ही खालची पायरी, पारखून निवाडा देणं ही वरची. आणि प्रत्येक पायरीची क्रियापदं वेगळी. 'यादी करा' आणि 'मूल्यमापन करा' ही एकाच कामाची दोन नावं नाहीत.

हे ब्लूम १९५७-५८ मध्ये भारतात आले होते. परीक्षा सुधारण्यासाठी त्यांचा सल्ला घेतला गेला, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या आणि १९५८ मध्ये दिल्लीत केंद्रीय परीक्षा कक्ष सुरू झाला. पुढे ते काम एनसीईआरटीकडे गेलं. आपल्याकडे ज्यांनी बीएड, डीएड केलंय त्यांना 'ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य' हे चार रकाने आणि तो संविधान तक्ता आठवत असेल. त्याचं मूळ या साखळीत आहे.

म्हणजे शिक्षकाला प्रश्न काढताना पायऱ्या माहीत असाव्यात, अशी व्यवस्था झाली. पण तो तक्ता राहिला शिक्षकाच्या फाइलमध्ये. विद्यार्थ्याच्या हातात आली ती फक्त प्रश्नपत्रिका. ज्याला उत्तर लिहायचंय त्यालाच पायरी कोणती ते सांगायचं राहिलं.

दरम्यान परीक्षा मराठीत आल्या. फार मोठी आणि चांगली गोष्ट झाली. विषयांच्या संज्ञांवर बैठका झाल्या, परिभाषा कोश निघाले. पण 'चर्चा करा', 'स्पष्ट करा' हे तर रोजचेच शब्द. त्यांचा अर्थ कोण कशाला सांगत बसेल? गोची इथेच झाली.

शब्द मराठी, अर्थ परका

'टीकात्मक परीक्षण करा' हा शब्द घ्या. टीका म्हणजे मुळात उलगडा, विवरण. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. त्यात माउलींनी गीतेला नावं ठेवलेली नाहीत! पण आजच्या मराठीत टीका म्हणजे दोष काढणं. 'विरोधकांची सरकारवर टीका.' मग परीक्षेत 'टीकात्मक परीक्षण' दिसलं की मुलगा पहिल्या ओळीपासून झोडपायला सुरुवात करतो. योजनेचे दोष, कायद्याचे दोष, नेत्याचे दोष. परीक्षकाला हवी असते पारख: काय टिकतं, काय टिकत नाही आणि कशामुळे. त्यापेक्षा 'चिकित्सक परीक्षण' हा शब्द बरा. वैद्य चिकित्सा करतो तेव्हा तो रोग्याला शिव्या घालत नाही.

'चर्चा'चंही तेच. आपली चर्चा म्हणजे पारावरच्या गप्पा, किंवा रात्री नऊला टीव्हीवर जे चालतं ते. तिला शेवट नसतो. परीक्षेतल्या चर्चेला शेवट लागतो. दोन-तीन बाजू मांडायच्या, प्रत्येकीला आधार द्यायचा आणि मग आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं.

यूपीएससीला मराठी माध्यमातून बसणाऱ्यांची अडचण आणखी एक पायरी वरची. १९७९ पासून मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात. पण सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका छापून येते इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे आज्ञा परक्या भाषेत वाचायची, विचार मराठीत करायचा आणि पाळायची मराठीत. हिंदीतलं 'समालोचनात्मक' आपल्या कानाला क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखं लागतं. समालोचन म्हणजे जे घडतंय ते सांगणं. मग उत्तरही तसंच होतं: घडलं ते सांगितलं, पारख राहूनच गेली.

एक विषय, सहा आज्ञा

नुसतं बोलून उपयोग नाही. एक विषय घेऊ आणि त्याला शब्द बदलून बदलून विचारू. १८७५ चे दख्खनचे दंगे. आपल्या मातीतला विषय, सगळ्यांना साधारण माहीत असलेला.

वर्णन करा. काय, कधी, कुठे, कसं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सुरुवात. शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे, खतं मागून घेतली आणि जाळली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. रोख कागदांवर होता, माणसांना जिवे मारण्यावर नव्हता. एवढंच. इथे 'का' लिहीत बसलात तर जागा वाया.

कारणे स्पष्ट करा. आता घटना दोन ओळींत आटपा आणि साखळी जोडा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव पडले. त्याच सुमारास इंदापूरसारख्या तालुक्यांत फेरआकारणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरता झाला, मग दर तीन वर्षांनी नवा रोखा आणि त्यात जुनं व्याज मुद्दल म्हणून. प्रत्येक कारण पुढच्याला कसं जोडलं जातं हे दाखवायचं. नुसते १, २, ३, ४ असे मुद्दे टाकले तर ती यादी झाली.

विश्लेषण करा. विषयाचे भाग पाडा आणि भागांचं नातं सांगा. बाजार, सारा, कायदा, सावकार, शेतकरी. सावकार आधीही होता, मग तणाव याच दशकात का फुटला? कोर्टामुळे. पूर्वी गावाच्या दबावाखाली असलेल्या सावकाराच्या हातात आता जप्तीचा हुकूम आला. विश्लेषण म्हणजे हे: कोणता सुटा भाग कोणामुळे हलला.

चर्चा करा. समजा प्रश्न आहे, 'दख्खनचे दंगे हे सावकारांविरुद्धचे होते की सरकारविरुद्धचे? चर्चा करा.' एक बाजू: जाळले गेले ते सावकाराचे कागद, सरकारी कचेऱ्या नव्हेत. दुसरी बाजू: त्या कागदांत ताकद आली ती सरकारी कायद्याने आणि कर्ज वाढलं त्यात साऱ्याचा वाटा होता. पुणे सार्वजनिक सभा तर साऱ्याच्या प्रश्नावर आधीपासून बोलत होती. शेवटी एक-दोन वाक्यांत स्वतःचा कौल.

चिकित्सक परीक्षण करा. इथे बहुतेक वेळा एक ठाम विधान दिलेलं असतं. 'सावकारांची पिळवणूक हेच दंग्यांचे कारण होते.' तुमचं काम त्या 'हेच' या शब्दाला धरण्याचं. विधानात खरं किती, ते कबूल करा. मग सुटलेलं काय, ते दाखवा: साऱ्याची वाढ, कापसाची घसरण, मुदतीचा कायदा. सगळा दोष सावकारावर टाकणं तेव्हाच्या सरकारला सोयीचं होतं, हेही सांगा. आणि विधान कितपत टिकतं ते लिहा.

मूल्यमापन करा. मोजपट्टी लागते. ती कोणती ते आधी सांगा, मग मोजा. दंग्यांनी काय साधलं? सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार तपासता येऊ लागला. कायद्याच्या मोजपट्टीवर हे मोठं यश. कर्जातून सुटकेच्या मोजपट्टीवर मात्र नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला, कायद्यानंतर चार वर्षांनी, आणि त्यात शेतकऱ्याची अवस्था काय दिसते ते सगळ्यांना ठाऊक आहे. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने तर १९७२ च्या एका लेखात दंग्यांचं महत्त्वच फुगवलं गेल्याचं म्हटलं. हे मत पटो न पटो, मूल्यमापनात त्याला उत्तर द्यावं लागतं.

बघा, माहिती तीच आहे. सहा उत्तरं मात्र सहा प्रकारची झाली. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरला तीन तासांत वीस प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं आणि १५० किंवा २५० शब्द. त्या नऊ मिनिटांत चुकीची आज्ञा पाळली तर अभ्यास कितीही असो, काही उपयोग नाही.

जाता जाता आणखी एक. शेवटच्या शब्दाबरोबर मधले छोटे शब्दही वाचा. 'कितपत', 'केवळ', 'हेच', 'समकालीन संदर्भात', 'उदाहरणासह'. 'कितपत' असेल तर उत्तरात माप यायलाच हवं. पूर्ण होकार किंवा पूर्ण नकार दिलात तरी कारण द्या. 'केवळ' असेल तर बहुतेक वेळा तिथेच वाद दडलेला असतो. आणि प्रश्न दोन भाषांत छापलेला असेल तर दोन्ही वाचा. भाषांतरात आज्ञा हलकी होते किंवा जड होते.

आता मागणी काय?

केंब्रिज इंटरनॅशनल किंवा आयबी बोर्डाच्या शाळांत हे शब्द अर्थासकट छापून देतात. 'वर्णन करा' म्हणजे आमच्या लेखी काय, 'मूल्यमापन करा' म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला परीक्षेच्या दोन वर्षं आधी माहीत असतं. त्यांच्या फीचं आपण सोडून देऊ. पण ही एक-दोन पानं छापायला कितीसा खर्च येतो?

पहिली मागणी: राज्यसेवेच्या अभ्यासक्रमात आज्ञार्थी शब्दांचा एक तक्ता असावा. मराठी शब्द, त्याचा अर्थ, उत्तरात काय अपेक्षित. पेपर काढणारा, भाषांतर करणारा आणि तपासणारा, तिघांच्या हातात तोच तक्ता. नाहीतर एकाने 'चर्चा' मागायची, दुसऱ्याने 'विशद करा' छापायचं आणि तिसऱ्याने भलत्याच अपेक्षेने तपासायचं.

दुसरी: दहावी-बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात याच्यासाठी दोन पानं. 'कारणे द्या' आणि 'टीपा लिहा' यांच्या पुढे जाणारे प्रश्न शाळेतच सोडवून घेतले तर पुण्यात येऊन खोली भाड्याने घेऊन ते शिकायची वेळ येणार नाही.

तिसरी मागणी शिक्षकांकडे आणि आधी पास झालेल्या दादा-ताईंकडे. आपल्या गावातल्या अभ्यासिकेत एक रविवार द्या. एकच विषय घ्या, फळ्यावर सहा शब्द लिहा आणि पोरांकडून सहा उत्तरं लिहून घ्या. मग ती वाचा, सगळ्यांसमोर, न लाजता. १८५७ ला जी गोष्ट बोटीतून यायची राहिली, ती आपल्याला इथेच उभी करता येईल. त्याला क्लासची पाटी लागत नाही.

वर्णनात्मक परीक्षा वाईट नाही. उद्या तहसीलदाराच्या खुर्चीत बसणाऱ्याला अर्ज वाचून त्यात मागितलंय काय हे कळायला हवं, दोन्ही बाजू ऐकून कारणांसह निकाल लिहिता यायला हवा. पण ज्याची परीक्षा घेणार त्याला आज्ञेचा अर्थ आधी सांगा. अर्थ काही जणांनाच ठाऊक असेल तर ती स्पर्धा निम्म्या लोकांसाठी सुरू होण्याआधीच संपलेली असते.

तुमच्या तालुक्यात असं काही कुणी घेत असेल तर खाली लिहा. ठिकाण आणि वेळ टाका. कुणाच्या तरी कामाला येईल.